आधी पिशवी वता

डॉ. अझीज पेशंटच्या नाडीआधी त्याच्या पिशवीला हात घालायचे. "आधी पिशवी वता," म्हणायचे. मग हिंगोलीच्या, सेनगावच्या, कुठल्या कुठल्या दवाखान्यांतल्या गोळ्या टेबलावर पडायच्या आणि डॉक्टर त्यातल्या निम्म्या बाजूला सारायचे. "माय, ही आन् ही एकच हाय. नावं दोन, गोळी एक." महागाच्या गोळीऐवजी तीच स्वस्तातली लिहून द्यायचे. रोगापेक्षा चिठ्ठी जड नसावी, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गोरेगावात त्यांच्या दवाखान्याला लागूनच माझं मेडिकल. खरं सांगतो, हा माणूस माझ्या पोटावर पाय देतोय असंच मला वाटायचं. एकदा तोंडावर बोललोही. ते हसले. "दिगंबर, म्हागाची गोळी लोक अर्धी मोडून खातात. मंग गुण कसा येईल? स्वस्त दिली तर पुरी खातील. गिऱ्हाईक तुझंच जगलं ना?" मी आतल्या आत धुमसत राहिलो.

तांड्यावरच्या जमनाबाई साखरेच्या जुन्या पेशंट. एका बाजाराच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलून स्वस्तातली दिली. बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, आत पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर खिडकीतून ओरडले, "दिगंबर, हिची पिशवी तू बघ. जुन्या गोळ्या काढून ठेव!"

"व्हय, व्हय," म्हणत मी नवं पाकीट त्यांच्या हातात कोंबलं आणि वाटेला लावलं. पिशवी बघितलीच नाही. गर्दीचं नुसतं निमित्त होतं. मी फुगलो होतो.

चौथ्या दिवशी पोरानं आणि एका शेजाऱ्यानं त्यांना मोटारसायकलवर मधे धरून आणलं. अंग घामानं चिंब, मान टाकलेली, हाकेला ओ नाही. यंत्रावर साखर पार उतरलेली बघताच डॉक्टर ओरडले, "ग्लुकोज आण, पळ!" मी बाटली घेऊन धावलो. शीर सापडेना. सुई एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली. पोरगा दारात ओरडत होता, "स्वस्तातल्या गोळीनं माझ्या मायला मारलं!" त्याच्या मागे ही गर्दी. तिसऱ्यांदा सुई बसली. मग डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतली. त्यातून नवं पाकीट निघालं आणि जुनंही. दोन्ही चालू होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

ते पोराकडे वळले. "गोळी बराबर हाय, बाबा. पिशवी पाह्यची राहिली. चूक माझी हाय."

ग्लुकोज गेल्यावर जमनाबाईंनी डोळे उघडले. दोन्ही गोळ्या काहून खाल्ल्या, असं विचारलं, तर म्हणाल्या, "म्हागाची व्हती, डॉक्टरसाब. फेकून कशी देऊ?"

संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. डॉक्टर म्हणाले, "माझ्यापाशी काहून रडून राहिला? उद्यापासून पिशव्या बघ." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पण गावात डॉक्टरांची चूक म्हणूनच बोभाटा झाला, काही घरं त्यांच्याकडे यायची थांबली. मी रोज पिशव्या बघत होतो, आणि तोंड मिटून बसलो होतो. लाज वाटते सांगायला.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर वारले. त्यांना माती देऊन आलो, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर पहिल्या जमनाबाईच आल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "देवमाणूस व्हता रे. एक डाव माझ्यापाशी चुकला, पण म्या कधी मनात धरलं न्हाई."

मला ते सहन होईना. "माय, ते नव्हते चुकले. पिशवी बघ म्हणून त्यांनी मला सांगितलं होतं. मी बघितली न्हाई."

मला वाटलं, आता त्या पायातली काढतात. त्यांनी काखेतली पिशवी काढली आणि माझ्यासमोर काउंटरवर ओतली.

"मंग आता नीट बघ," त्या म्हणाल्या.