चौथी हिंट

भूकंपाच्या साली मी लातुरात बारावीला होतो. पुढं गावात क्लासचं पेव फुटलं आणि त्यात कित्येक वर्षं मी पोरांना तयार उत्तरं लिहून देत राहिलो. कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झालो, तरी वळण तेच राहिलं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जमेल.

कॉलेजनं बी.ए.च्या पहिल्या वर्षासाठी शिकवणारं सॉफ्टवेअर घेतलं. पोरगं चुकलं की ते रागवायचं नाही, त्याहून सोपा प्रश्न विचारायचं. अडलंच तर हिंट. चौथ्या हिंटला सरळ उत्तर. धडा झाला की नावापुढची लाल पट्टी हिरवी. माझा त्याच्यावर जीव बसला होता. माझ्यापेक्षा त्याला धीर जास्त.

तपासणीची समिती येणार होती. प्राचार्य म्हणाले, "पट्ट्या सगळ्या हिरव्या पाहिजेत." मी लॅबमध्ये जाऊन सांगितलं, "हिंट चारदा दाबा अन् पुढं चला." अर्ध्या तासात वर्ग हिरवा. एक पट्टी सोडून.

ती मुरुडच्या एका पोरीची. वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. प्रश्न चहाचा होता: चहाचा भाव वाढला, तर चहाच्या मागणीचं काय होईल? ती दर वेळी आलेखातली मागणीची अख्खी रेषाच डावीकडं सरकवायची अन् चुकायची.

"अगं, दाब की हिंट."

"नको सर. रेषा का सरकत न्हाई ते आत्ता कळायलंय. जरा थांबा."

"सर, तिचा चहा निवला," मागून कुणीतरी म्हणालं.

वर्ग हसला. मीही हसलो, तिच्या हातातला माऊस घेतला आणि चारदा दाबलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. "सर, तो धडा परत करता येतो का?"

"मशीन मागं जात नाही," मी म्हणालो. जात होतं. पण पट्टी लाल झाली असती.

मग ती आलेखाच्या वहीत रेषा काढून मला दाखवायला आणू लागली. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "भाव बदलला तर आपण रेषेवरच खालीवर होतो. रेषा हलायला दुसरंच काहीतरी बदलावं लागतं." मी शाबास म्हणालो. खरं मात्र सांगितलं नाही.

गेल्या वर्षी नांदेडला एका प्रशिक्षणात भेटली. आता हाच विषय शिकवते. जेवताना मी सगळं सांगून टाकलं.

"माहीत होतं सर. परत सुरू करायचं बटण समोरच तर होतं."

"मग दाबलं का न्हाईस?"

"समितीला तुम्ही लई भेऊन होता. म्हटलं, राहू द्या."

इतकी वर्षं मी समजत होतो, तिला फसवलं. अठरा वर्षांच्या पोरीनं मला सांभाळून घेतलं होतं.