जागेवाल्याचा चौकोन

आमच्या कामगार संघटनेच्या प्रत्येक पत्रकात मी एक वाक्य घालतेच: हुकूम देणाऱ्याचं नाव सांगा. रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीतली कंत्राटी मावशी मला म्हणाली, टाकी धुवायला आत उतरलं की गरगरतं, उद्या पुन्हा तेच काम आहे, नाही म्हणायचंय पण कुणाला म्हणू तेच कळत नाही. मी लगेच कार्डशीट घेऊन पेणहून निघाले.

मावशीच्या वाडीतल्या देवळाच्या ओट्यावर, कोण कुणाला हुकूम देतं त्याचा तक्ता आखायला बसले. वरचे चौकोन सोपे. ते कंपनीच्या गेटवर काचेत लावलेलेच आहेत, फोटोंसकट. शिफ्ट इंजिनिअरपाशी ते संपतात. कंत्राटी माणूस त्या काचेत नाहीच. मग मी खालून सुरुवात केली. टाकीत उतरायला कोण सांगतं?

"जागेवाला," मावशी म्हणाली.

तिथेच कामाला जाणाऱ्या तिच्या जावेनंही तेच सांगितलं, दिरानंही. मला वाटलं, आडनाव असेल. ठळक चौकोन आखला, आत 'श्री. जागेवाले' लिहिलं आणि विचारलं, हे साहेब बसतात कुठे?

जाऊ हसायला लागली आणि मधेच थांबली. मावशीनं चौकोनावर हात ठेवला. "असा लिवू नको गो त्याला."

जागा राखणारा देव तो, तिनं सांगितलं. कंपनी यायच्या आधीपासूनचा. मी चिडून म्हटलं, तुमची हजेरी आता भूत घेतं का? दीर शांतपणे सांगू लागला. शिफ्टला गेलं की टाकीचं झाकण उघडं असतं, आत शिडी सोडलेली असते. बोलत कुणीच नाय. शिडी दिसली की उतरायचं.

ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, कंपनीला विचारा. इंजिनिअर म्हणाला, कंत्राटी माणसांना आम्ही हुकूम देत नाही. शिडी कोण लावतं, असं विचारताच दोघांनीही फोन ठेवला. देवाच्या आड लपायची इतकी स्वस्त सोय मी कुठे पाहिली नाही. मावशीला सांगितलं, हुकूमच नाही तर मोडणार काय? उतरू नका.

दुसऱ्या दिवशी ती उतरली नाही. शिफ्टभर टाकीपाशी उभी राहिली. संध्याकाळी गेटबाहेर भेटली तेव्हा तिचे ओठ सुकले होते. कुणी ओरडलं नाही, हजेरी कापली नाही, तिकडे कुणी फिरकलंच नाही. फक्त ती जेवून परत आली तेव्हा शिडी जागची हलली होती. मावशी आधी जिथे उभी होती, बरोबर त्या बाजूला लावलेली.

"कुणी शिवी घातली असती तर बरा वाटला असता गो," ती म्हणाली. उद्याही उतरणार नव्हती. मी गेटपर्यंत सोबत यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.