मडमेची मिशी

दर शनिवारी मी सिडनीतल्या एका लहानशा संग्रहालयात गाईड होते, बिनपगारी, हौसेखातर. आठवडाभर इंजिनिअरिंगच्या ऑफिसात माझं इंग्रजी कुणी ना कुणी दुरुस्त करायचं. इथे मी बोलायचे आणि लोक ऐकायचे. पहिले तीन महिने उमेदवारीचे, मग कायमची गाईड. मला ते हवं होतं, अगदी हावरटासारखं.

माझ्या फेरीत सगळ्यात जास्त हशा एका ताटलीला मिळायचा. चिनी मातीची, अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी चीनमध्ये युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी रंगवलेली. नमुना म्हणून चित्रकाराला तिकडचं एक छापील चित्र दिलेलं: झाडाखाली बसलेली मडम. छापातली सावली म्हणजे बारीक काळ्या रेघा. त्याने त्या एकूण एक उतरवल्या, ओठांवरच्यासुद्धा. झाली मडमेला मिशी! आम्हाला दिलेल्या मजकुरात पुढचं वाक्य होतं, ‘बिचाऱ्याला समजलंच नाही.’ मी ते छान रंगवून म्हणायचे. लोक खूश.

उमेदवारी संपत आली होती. एका शनिवारी एक गृहस्थ हसता हसता म्हणाले, “हे चिनी लोक अजूनही कॉपीच करतात की! तुमच्याकडेही तसंच ना? नो ऑफेन्स.”

माझं डोकंच सणकलं. त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. इतके दिवस हा हशा मीच त्यांच्या पानात वाढत होते.

कॉपी म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. पुण्यात इंजिनिअरिंगला आम्ही जीटी मारायचो, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच, खाली दिवा, काचेवर मैत्रिणीची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी. डोकं बाजूला ठेवायचं आणि रेघा ओढायच्या. एकदा मी तिचा रोल नंबरही इमानेइतबारे उतरवला. सरांनी ती शीट अख्ख्या वर्गासमोर धरली. हसणाऱ्यांत ती मैत्रीणही होती.

पण ताटलीवर जीटी मारता येत नाही. ती खोलगट, गुळगुळीत. चित्र एका मापाचं, ताटली दुसऱ्याच मापाची. प्रत्येक रेघ बघायची, मनात लहान करायची आणि हात न थरथरता ब्रशने काढायची. हे सगळं मी त्या गृहस्थांना तिथल्या तिथे ऐकवलं. व्याकरण गडगडलं असेल. गडगडू दे! कुणी हसलं नाही.

आमच्या मुख्य गाईडबाई मागेच उभ्या होत्या. नंतर चहा पिताना गोड आवाजात म्हणाल्या, “लव्हली. पण स्क्रिप्ट सोडू नकोस हं. लोकांना तो जोक आवडतो. आणि पुढच्या आठवड्यात तुझं फायनल करायचंय.”

“तो जोक मी करणार नाही,” मी म्हणाले. “त्या चित्रकाराला समजलं नाही असं नाही. त्या रेघा म्हणजे सावली, हे त्याला कुणी सांगितलं नाही.”

“इट्स जस्ट अ प्लेट, डार्लिंग.”

पुढच्या रोस्टरवर माझं नाव नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण संग्रहालयात प्रवेश सगळ्यांना फुकट आहे. शनिवारी मी साधे कपडे घालून गेले आणि त्या ताटलीशेजारी उभी राहिले. नवा गाईड दहाबारा लोकांना घेऊन आला, झाड दाखवलं, मडम दाखवली, मिशीपाशी पोचला. लोक हसायच्या बेतात होते. मी हात वर केला.