थेंबही न गळणारी होडी

फायबरच्या होडीची गळती काढण्यात मिस्त्रींचा हात धरणारं कोणी नव्हतं. अंगणातच होडीत काठोकाठ पाणी भरायचं आणि बाहेरून पाझरेल तिथे खडूने खूण करायची, ही त्यांची पद्धत.

मेहुण्याच्या होडीला त्यांनी रेझिनचे तीन थर चढवले आणि पाणी भरलं. दोन दिवसांत थेंब गळला नाही. मिस्त्रींनी मिशीला पीळ दिला. मग पाणी सोडायला ते तळाचं बुचाचं भोक शोधू लागले. ते काही सापडेना.

"तेही बुजवलंत?" बायकोने विचारलं.

"अर्धवट काम मला जमत नाही."

बायको आत जाऊन कप घेऊन आली. चहा समजून मिस्त्रींनी हात पुढे केला. कप रिकामा होता.

"उपसा," ती म्हणाली.