खेडच्या ओळीतले आकडे

साळवी सर गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं, तेही दहाव्यानंतर. कार्ड वाचून खेडच्या एसटी डेपोतल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो... रडू आलं नाही, नुसता थकवा आला.

सर रत्नागिरीला शेती कार्यालयात संख्याशास्त्रज्ञ होते. आम्ही पाचजण पाच गावांत भाताच्या एकाच नव्या वाणाची चाचणी घ्यायचो. खेडची माझ्याकडे होती. एकट्या गावाच्या आकड्यांवरून ठाम काही म्हणता येत नसे. म्हणून सर पाची निकाल एकत्र मांडत. सरळ सरासरी नव्हे. ज्या गावाच्या वाफ्यांत आपापसांत तफावत कमी, त्याच्या निकालाला वजन जास्त. हे सगळं हाताने फिरवायच्या हिशेबाच्या यंत्रावर चाले.

एका वर्षी जगबुडी नदीच्या पुरात माझे बरेच वाफे वाहून गेले. वरच्यांना काय सांगू, या धास्तीने मी राहिलेल्या वाफ्यांकडे बघून गेलेल्यांचेही आकडे लिहून टाकले. एकत्रित निकाल नव्या वाणाच्या बाजूने लागला. सरांनी तो बैठकीत मांडला आणि बियाणं वाटायचं ठरलं.

पंधरा दिवसांनी सर स्वतः खेडला आले. पाणीही न घेता म्हणाले, "बाकीच्या गावांत वाफे एकमेकांशी भांडतात. तुझेच तेवढे एका सुरात कसे रे बोलतात?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"किती गेले पुरात?"

"निम्मे, सर."

ते खुर्चीत बसले. "म्हणजे सगळ्यात जास्त वजन मी न पिकलेल्या भाताला दिलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं... खरे वाफे तेवढे ठेवून त्यांनी सगळं पुन्हा मांडलं. निकाल डळमळला. शिफारस त्यांनी स्वतः मागे घेतली, घाई केल्याचा ठपका सोसला. माझं नाव घेतलं नाही. मीही पुढे होऊन सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात रत्नागिरीला सरांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीला, काकूंना, सगळं सांगितलं. आल्यागेल्यांशी बोलून त्या दमल्या होत्या.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, खेडवाला आता रिकामं ते रिकामं ठेवतो. दरवर्षी तुमचा तक्ता आधी उघडायचे."

त्यांनी सरांच्या टेबलाकडे बोट केलं. यंदाचा माझा तक्ता वरच होता. उंदरांनी खाल्लेल्या तीन वाफ्यांपुढे मी नुसत्या रेघा ओढल्या होत्या. प्रत्येक रेघेशेजारी सरांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.