बाबांच्या हृदयावरचा ठराव

आमच्या गावातली कोणतीही गोष्ट गावात ठरत नाही, ती मुंबईत ठरते. देवळाला कोणता रंग द्यायचा, शिमग्याला पालखी आधी कोणत्या वाडीत न्यायची, पाणंदीतला फणस तोडायचा की ठेवायचा, हे सगळं आमचं मुंबई मंडळ ठरवतं. गावातून नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या पुरुषांचं हे मंडळ. एखाद्या रविवारी दादरकडच्या एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन ही मोठी माणसं बसतात, चहा पितात, भांडतात आणि ठराव करतात. ठराव झाला की गावात फोन येतो आणि गावाने तो पाळायचा. त्या फणसाखाली रोज बसणाऱ्याला फणसाबद्दल कोणी विचारत नाही. बायकांना मंडळात मत नाही, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींना तर पालखीपुढे ओटी भरण्यापुरतंच गाव उरतं.

हे मी रागाने लिहिते आहे असं वाटत असेल, तर बरोबर वाटतंय.

बाबा पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. माझं आणि धाकट्या भावाचं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. निवृत्तीनंतर बाबा संगमेश्वरच्या आत, आमच्या गावी जाऊन राहिले. भाऊ मुंबईला गेला आणि यथावकाश मंडळाचा सहचिटणीस झाला. मी लग्न होऊन रत्नागिरीत आले आणि यथावकाश काहीच झाले नाही.

देवळाकडे जाणाऱ्या पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या चढताना बाबा अलीकडे मधेच थांबायला लागले होते. थांबायचे आणि आजूबाजूच्या झाडांकडे बघायचे. लोकांना वाटलं, आई गेल्यापासून म्हाताऱ्याला झाडापेडांचा लळा लागला. खरं म्हणजे त्यांच्या छातीत दाटून यायचं आणि ते कोणाला कळू नये म्हणून ते आंब्याचा मोहोर न्याहाळायचे. मोहोर नसतानाही न्याहाळायला लागले, तेव्हा मी त्यांना गाडीत घालून रत्नागिरीला माझ्याकडे आणलं.

अँजिओग्राफी झाली. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रंग सोडतात आणि तो वाहताना त्याची हलती चित्रं घेतात. उजव्या बाजूची रक्तवाहिनी एका ठिकाणी चिमटीत धरल्यासारखी दिसत होती. डाव्या बाजूची मोठी वाहिनी सुरुवातीलाच किंचित धूसर होती, पण ते दाखवल्याशिवाय दिसलं नसतं. आमच्या डॉक्टर तरुण होत्या आणि बाई होत्या. मंडळाच्या दृष्टीने हे बाबांचे आणखी दोन आजार.

त्या म्हणाल्या, "ही नुसती सावली आहे. वाट कुठे अरुंद आहे त्याचा अंदाज येतो. भिंतीत काय साठलंय ते हिच्यात कळत नाही. स्टेंटची जाळी बसवायच्या आधी आपण आतून बघू."

आतून म्हणजे खरोखरच आतून. पोटाची सोनोग्राफी करतात तशीच, पण केसासारख्या बारीक नळीच्या टोकावरून, रक्तवाहिनीच्या आत शिरून. मला ते पटलं. मी माझ्या बाजूने एकच चूक केली. अँजिओग्राफीच्या सीडीतली चित्रफीत मोबाईलवर घेऊन भावाला पाठवली.

सहचिटणीसाने ती मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर आम्ही बायकाही आहोत, बघण्यापुरत्या.

बाबांचं हृदय अशा रीतीने सगळ्या वाडीने पाहिलं. वरती कोणाच्या तरी बारशाचे फोटो, खाली मोटारसायकल विकणे आहे, मधे बाबांचं हृदय धडधडतंय. काहींनी हात जोडले. एकाने "मस्त" असं लिहिलं. एका काकांनी "अभिनंदन, पेढे कधी?" असं विचारलं, त्यांना ती भावाच्या सुनेची सोनोग्राफी वाटली होती. भावाचा मुलगा अजून नववीत आहे.

पुढच्या रविवारी बैठक झाली आणि संध्याकाळी भावाचा फोन आला.

"ताई, ठराव झाला."

"कसला?"

"बाबांच्या हृदयाचा."

उजव्या रक्तवाहिनीत दोन जाळ्या घालाव्यात, आतून बघण्याचं जादा प्रकरण करू नये, आणि हे सर्व शिमग्याच्या आत उरकावं, असा तो ठराव होता. सूचक एक मामा, ते महापालिकेच्या पाणीखात्यात होते. पाइप कुठे तुंबलाय हे एकदा कळलं की तिथेच खणायचं, अख्खी गल्ली उकरायची नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. अनुमोदक फोटो स्टुडिओवाले. एकदा फोटो चांगला आलाय, मग परत कशाला काढायचा? एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय असलेले काका आहेत, त्यांना गावात सगळे डॉक्टरच म्हणतात. त्यांनी दोनाच्या जागी तीन जाळ्या सुचवल्या होत्या, पण ती उपसूचना बारगळली.

मी भावाला खूप बोलले. तू बापाचं हृदय मतदानाला टाकलंस, इथपर्यंत बोलले. तो ऐकून घेत राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "आत नळी फिरवताना काही झालं तर, ताई? मला एकट्याला नाही गं हो म्हणवत." तेव्हा मला कळलं की हा घाबरलाय, आणि घाबरलेल्या माणसाला ठरावामागे बसायला बरी जागा असते. पण कळल्याने माझा राग काही कमी झाला नाही.

खरा प्रश्न बाबांचा होता. ते ठरावापुढे मान तुकवून मोकळे झाले.

"मंडळाचा ठरलाय ना बाय, मग आपण मधी कशाला?" मला ते लहानपणापासून बाय म्हणतात.

"बाबा, हृदय तुमचं आहे."

"असंल. पण आई गेली तुझी, तवा गाडी भरून कोण आयला? लाकडांपासून सगळा त्यांनी केलानी. आता त्यांचा ऐकायचा नाय, हे बरा दिसत नाय."

हे खरंच होतं. आई गेली त्या दिवशी मंडळाची माणसं कामं टाकून आली होती, आणि आज ज्यांची मी थट्टा करते आहे त्या पाणीखात्याच्या मामांनी बाबांना धरून बसवलं होतं. आमच्याकडे माणसं उपकार बोलून दाखवत नाहीत. ठराव करतात.

अँजिओप्लास्टीच्या सकाळी बाबा हिरवा झगा घालून खाटेवर बसले होते. आतून बघायचं नाही, असं डॉक्टरांना सांगायचं त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. भांडायचं त्राण उरलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाबा, पोफळीला डोंगरातून वीजघराला पाणी आणणारा तो बोगदा तुम्ही कसा तपासायचात?"

बाबांचा चेहरा खुलला. पोफळीबद्दल विचारलं की तो खुलतोच.

"पाणी बंद करायचा, आत उतरायचा नि बॅटरी मारून बघायचा."

"वरून नाही कळत?"

"वरून काय कळतंय? वरून डोंगार दिसतो. भिंतीला काय झालाय ते आत गेल्याबिगर..."

ते थांबले. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी करत राहिले. माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं. बाबांनी माझ्याकडे एकदा रोखून बघितलं, मग खिडकीकडे बघत बसले. तिथे झाडबीड काही नव्हतं, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी होती. थोड्या वेळाने सिस्टर आल्या आणि त्यांना घेऊन गेल्या.

मी बाहेर बाकावर बसले. भाऊ फोनवर होता. तो निघाला होता, पण गाडी घाटात अडकली होती. ग्रुपवर ग्रामदेवतेचा फोटो आणि जोडलेल्या हातांची रांग लागली होती. आत बाबा डॉक्टरांना नको म्हणणार, उजवीकडे दोन जाळ्या बसणार आणि आपण घरी जाणार, हे मी मनाशी मान्य करत होते. एवढ्यात दार उघडून सिस्टर बाहेर आल्या.

"डॉक्टर विचारतायत, आतून बघायचं की नाही? पेशंटना विचारलं तर ते म्हणतायत, बाहेर माझी मुलगी आहे, ती सांगेल तसं करा."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. आमच्या घरात आजवर मला कोणी काही विचारलेलं नाही. लग्न ठरलं तेव्हाही तारीख मंडळाच्या सोयीने धरली होती, त्या महिन्यात त्यांच्या नमनाचा, म्हणजे गावच्या लोकनाट्याचा, प्रयोग होता म्हणून. आणि आता बाबा आत उताणे पडलेले, मनगटातून नळी गेलेली, आणि म्हणतायत मुलीला विचारा. भावाने फोनवरून सगळं ऐकलं होतं. "ताई, एक मिनिट थांब, अध्यक्षांना लावतो," तो म्हणाला.

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"बघा," मी सिस्टरना म्हटलं. "आतून बघा."

मग वाट बघणं. बघा म्हणणारी मी होते, म्हणजे आता काही झालं तर तेही माझ्यावर. मंडळाची माणसं बाकावर दाटीवाटीने का बसतात, ते मला त्या बाकावर एकटं बसल्यावर समजलं. मला फार भीती वाटत होती.

काही वेळाने डॉक्टरांनी मला काचेमागे बोलावून पडदा दाखवला. आडव्या कापलेल्या सुपारीसारखं गोल चित्र होतं, मधे काळी वाट. "ही उजवी, जिथे दोन जाळ्यांचं चाललं होतं. तेव्हा ती आकसून चिमटल्यासारखी दिसली असेल; बघा, वाट पुरेशी मोकळी आहे. इथे गोळ्यांवर भागेल." मग त्यांनी दुसरं चित्र लावलं. यात मधली वाट जेमतेम होती आणि तिच्याभोवती पांढरी शुभ्र कड. "ही डावी. सावलीत किंचित धूसर दिसत होती ना, तीच. भिंतीत चुना साठून दगड झालाय. हृदयाचा मोठा भाग हिच्यावर चालतो."

उजवीकडे दोन जाळ्या घालून आम्ही बाबांना गावी नेलं असतं. गुण आला असं समजून ते न थांबता पाखाडी चढले असते. पुढचा विचार माझ्याच्याने झाला नाही. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि सिस्टरनी मला पाणी दिलं.

डॉक्टरांनी खास फुग्याने आधी तो चुना फोडला, मग डावीकडे एकच जाळी बसवली, आणि ती भिंतीला नीट टेकली की नाही ते परत आत जाऊन बघितलं. बाबा बाहेर आले तेव्हा पहिलं काय म्हणाले असतील? "च्या मिळंल काय?"

ते घरी आले त्याच दिवशी मंडळाचा संदेश आला. मी चष्मा लावून त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मंडळाच्या मार्गदर्शनाखाली शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. मूळ ठरावात "उजवी" ऐवजी "डावी" आणि "दोन" ऐवजी "एक" अशी दुरुस्ती करून कार्योत्तर मंजुरी देण्यात आली होती. आणि ऐनवेळी प्रसंगावधान राखून आतून पाहण्याचा निर्णय घेतल्याबद्दल मंडळाच्या सहचिटणीसांचं, म्हणजे माझ्या भावाचं, अभिनंदन केलं होतं. खाली पुष्पगुच्छांची रांग. पेढेवाल्या काकांनी यावेळी बरोबर ठिकाणी पेढे मागितले होते.

भाऊ समोरच खुर्चीवर बसला होता. तो लाजून म्हणाला, "मी काही सांगितलं नव्हतं गं त्यांना. त्यांनीच धरलं." मी म्हटलं, असू दे. असू दे म्हणायची मला सवय आहे. बाबांची पेज बघायला मी उठले.

बाबांनी मोबाईल मागितला. उजव्या मनगटाला पट्टी होती, म्हणून डाव्या हाताच्या एका बोटाने ते बराच वेळ टिपत बसले. मग माझ्या पर्समधला आणि भावाच्या खिशातला, दोन्ही फोन एकदम वाजले. भावाने वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. मंडळाच्या ग्रुपवर, पुष्पगुच्छांच्या खाली, बाबांनी लिहिलं होतं:

"मंडळाला विचारला नाय. पोरग्याला पण नाय. माझ्या बायला विचारला."