जान्याबाबांचा आवाज

गेल्या गुरुवारी भर दुपारी, सायवनजवळच्या एका पाड्यावर माझी अक्षरशः बोबडी वळली. आणि भूतबीत काही नव्हतं हं... लॅपटॉप माझाच होता, प्रोग्रामही मीच लिहिलेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी डहाणूची, आमची चिकूची वाडी आहे आणि गेली पाच वर्षं मी कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करतेय. (हो, अजून संपलेली नाही. प्रत्येक लग्नात हे विचारणाऱ्या सगळ्या मावश्यांना सप्रेम नमस्कार.)

विषय सोपा करून सांगायचा तर आमच्याकडच्या पाड्यांवर बोलतात ती वारली भाषा कॉम्प्युटरला बोलता यावी. आपण टाइप करायचं, त्याने वाचून दाखवायचं. त्यासाठी एकाच माणसाचं तासन् तास रेकॉर्डिंग लागतं आणि मला ते त्याच पाड्यावरच्या जान्याबाबांनी दिलं.

बाबा सत्तरीचे, भातशेती करणारे, दम्याने बेजार... पण बोलायला बसले की थांबायचे नाहीत. दोन उन्हाळे मी त्यांच्या ओटीवर माइक लावून बसले. मग घरी येऊन मशीनला त्यांचा आवाज शिकवत राहिले.

पावसाळ्यात तो आवाज जमला. मी टाइप करायची आणि बाबा बोलायचे... त्यांनी आयुष्यात कधी न उच्चारलेली वाक्यं. एकदा एकटीच होते म्हणून गंमत केली. माझं नाव घालून 'जेवलीस का' असं त्यांच्याकडून विचारून घेतलं आणि मोठ्याने 'हो' म्हणाले.

दिवाळीनंतर बाबांना डेमोचं सांगायला फोन केला तर त्यांच्या सुनेने, सविताने, उचलला. बाबा श्रावणातच गेले होते. म्हणजे तीन महिने रोज सकाळी चहा पिता पिता मी एका मेलेल्या माणसाकडून वाक्यं बोलवून घेत होते. त्या दिवशी मी लॅपटॉप उघडलाच नाही.

गाइड सर स्पष्ट म्हणाले, माणूस हयात नाही तर घरच्यांची लेखी परवानगी हवी. परवानगी नाही तर आवाज नाही, आणि आवाज नाही तर थीसिस नाही. पाच वर्षं पाण्यात... म्हणून गुरुवारी फॉर्म घेऊन गेले.

सोमीआजी, म्हणजे बाबांची बायको, ओटीवर बसून पावटे सोलत होती. डहाणूच्या बाजारात भाजी विकून तिला मराठी चांगली येते. सविता शेजारी बसली होती आणि घरचा कुत्रा उंबऱ्यात झोपला होता.

मी सगळं समजावलं आणि बाबांच्या आवाजातली तीन वाक्यं लावली. स्वच्छ, खणखणीत आवाज. सविताने पदर तोंडाला लावला. आजीच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नाही. कुत्र्याने कानही हलवला नाही.

मग आजी उठली. लॅपटॉपजवळ आली आणि स्पीकरसमोर उलटा हात धरला... गेलेल्या माणसाच्या नाकाशी धरून बघतात, तसा. मी आणखी एक वाक्य लावलं. ते संपेपर्यंत तिने हात हलवला नाही.

"बोलतो," ती म्हणाली. "पण दम नाय घेत."

माझ्या मानेवर काटा आला, कारण ते खरं होतं. आवाज सुबक व्हावा म्हणून बाबांचा प्रत्येक श्वास, खोकला, घशातली घरघर मीच कापून काढली होती. आमच्या लाइनमध्ये त्याला साफसफाई म्हणतात, आणि माझी साफसफाई उत्तम आहे म्हणून सरांनी शाबासकीही दिली होती.

"त्याचा दम कुठं ठेवलास, बाय?"

खोटं बोलता आलं असतं. पण तो ठेवला होता. कापलेले सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये होते आणि त्या फोल्डरला मी नाव दिलं होतं 'कचरा'. मूळ रेकॉर्डिंग जागेअभावी कधीच उडवली होती, म्हणजे ते श्वास आता फक्त तिथेच होते. मी फोल्डर उघडला आणि लावला.

श्वास. मग श्वास. मग खोकला, पाण्याचा घोट, पुन्हा श्वास... एकही शब्द नाही. बाहेर लख्ख ऊन, समोर कापलेल्या भाताचं रचलेलं उडवं, आणि ओटीवर आमच्या तिघींपेक्षा एक माणूस जास्त. इतका वेळ मेल्यासारखा पडलेला कुत्रा उठला, शेपूट हलवत लॅपटॉपपाशी आला आणि त्याच्यामागे जाऊन कुणाला तरी शोधू लागला.

मला तो आवाज बंद करायचा होता, पण आजी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली. चांगली वीस मिनिटं. मध्ये कधीतरी तिचा श्वास त्याच्या लयीत पडला होता. ते बघून मला रडू फुटलं.

संपल्यावर तिने डोळे उघडले. "शब्द त्यानं दिले तुला. दम दिला नव्हता."

मी माफी मागितली. आणखी काय करणार?

"शब्द ठेव. हा सोड." तिने फॉर्मवर अंगठा दिला. सविताने हळूच विचारलं, माझ्या मोबाइलवर तरी घेऊ का? आजीने मान हलवली. नको.

मी तिच्यासमोर फोल्डर डिलीट केला. कायमचा करायचा का, असं मशीनने विचारलं तेव्हा माझं बोट बटणावरच अडलं. आजीने त्यावर स्वतःचं बोट ठेवलं आणि दाबलं.

थीसिस आता मार्गी लागेल. सोमीआजी, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण रोज काम करताना बाबांचं एक वाक्य संपतं आणि दुसरं सुरू होतं, त्या मधल्या जागेत माझा श्वास आपोआप थांबतो... आणि मला अजूनही वाटत राहतं, की आता ते घेतील.